मापवही

वादी सिद्राहमध्ये एक पेट्रोल पंप, एक मशीद, एक पोलीस चौकी
आणि माझं दुकान. पाटीवर खय्यात लिहिलंय, म्हणजे शिंपी.
सिद्र म्हणजे आपली बोर,
हे मला इथं येऊन सहा वर्षं झाल्यावर कळलं.
खल्फाननं सांगितलं.
माप देताना दोन्ही हात पसरून उभा होता,
म्हणून हनुवटीनंच खिडकीबाहेरचं झाड दाखवलं.

छाती बेचाळीस. बाही पावणेचोवीस.
गळा सोळा, पण "सैल ठेव, उस्ताद,
उन्हात नाक्यावर उभं राहायचं असतं."
हे सगळं मापवहीत आहे, पान एकशे बारा,
माझ्या किरट्या मराठीत,
जी या गावात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.

चौकीत सहा माणसं. काम काय,
तर रस्त्यावर आलेले उंट हाकायचे,
पाटाच्या पाण्यावरून भांडणारे भाऊ घरी पाठवायचे,
माझ्यासारख्याची पताका संपत आली
(कामाचं कार्ड; फडकणारी नव्हे)
तर आधी सांगून जायचं, मग तपासायला यायचं.
मुहन्ना तर खजुराच्या दिवसांत
कोठडीतल्या चोरालाही बांधून द्यायचा.

त्या मंगळवारी इथं थेंब नव्हता.
पाऊस पडला तो डोंगरामागं, वीस मैलांवर.
वादी अशीच येते,
आधी वास, मग दगडांचा आवाज, मग पाणी.
टँकर मधोमध अडकला. पाण्याचाच टँकर.
आत मजीद मियाँ, आणि वाटेत बसवून घेतलेल्या
शाळेच्या तीन मुली.
दोघांनी दोर जीपला बांधला, दुसरं टोक कमरेला.
मुली निघाल्या.
मियाँ निघाला.
मग जीपच निघाली.

मुहन्ना दुसऱ्या दिवशी सापडला, बोरीच्या मुळांत.
खल्फान आठव्या दिवशी.
चौकीतला माणूस कापडाचा तुकडा घेऊन आला,
बोलला काही नाही. कॉलर उलटी करून धरली.
आतला दुहेरी टाका माझा होता.
मी मान हलवली.

इथं कुणाला सांगितलेलं नाही
की ही माझी दुसरी खेप.
आमचे दाजी हवालदार होते, माण तालुक्यात.
रात्री वाळूचा ट्रक थांबवायला हात आडवा केला.
ताई पुढं कितीतरी दिवस फक्त त्या हाताबद्दल बोलायची.
ठाण्यात संगमरवरावर नाव आहे,
ऑक्टोबरात बंदुका उलट्या धरतात, हार घालतात.
'निवास'ची वेलांटी उडालीय, नुसतं 'नवास' उरलंय.
दर सुट्टीला म्हणतो, यंदा रंग घेऊन जाईन.
त्यांची पहिली खाकी मीच शिवली, सतरा वर्षांचा होतो.
एक बाही आखूड झाली.
असू दे म्हणाले, घड्याळ दिसतं.

खल्फानचा नवा जोड तयार होऊन दांडीवर होता.
बाकी अडीच रियाल.
दीड महिन्यानं त्याचे वडील आले, काठी टेकत.
पैसे मोजून टेबलावर ठेवले. मी सारले.
त्यांनी पुन्हा ठेवले. मी पुन्हा सारले.
"गेलेल्याच्या माथ्यावर उसनं राहू नये," म्हणाले.
घेतले मग.

मागं धाकटा उभा होता, हमूद.
भरती झालाय. हीच चौकी मागून घेतली.
"हाच बसव याला."

छाती छत्तीस.
सहा इंच आत घ्यायचे तर कुणीही शिंपी कापेल.
मी कात्री लावली नाही.
सगळं आत दुमडलं, माया ठेवली.
जाड होईल, म्हटलं, उन्हात टोचेल.
"टोचू दे," पोरगा म्हणाला.

वहीत नवं पान घेतलं नाही.
एकशे बारावरच, खल्फानच्या आकड्यांखाली
याचे लिहिले, पेन्सिलीनं.
अंगानं अजून भरायचाय तो.